द्रोणागिरी आणि सुषेण : औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची हकीकत

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे जाणाऱ्या लाँचमधून पाहिले असता उरणच्या भूमीवर दोन डोंगर दृष्टीस पडतात. त्यांतील दक्षिणेकडचा, करंजा गावाच्या बाजूचा, तो द्रोणागिरी. पूर्वी उरणचा पेटा पनवेल तालुक्यातच मोडत असे. आज उरण हा रायगड जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका असून नव्या मुंबईच्या एका विभागाला या डोंगराचेच नाव मिळाले आहे. हनुमंत संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेकडे जात असता त्याचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. अशा कथा इतिहासाच्या तराजूत तोलावयाच्या नसतात. परंतु त्यांच्या पोटात जो व्यवहार दडलेला असतो तो मात्र तपासून पाहण्यासारखा असतो.

रामायणाच्या युद्धकांडातील तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. लक्ष्मण निश्चेष्ट पडला; सुषेणाने औषधींची नावे व खुणा सांगितल्या; हनुमंत पर्वतावर पोहोचला, पण हवी ती वनस्पती त्याला ओळखता येईना. वेळ तर थोडा, म्हणून त्याने शिखरच उपटून आणले. येथपर्यंतची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात आणि श्रोतेही तेथेच टाळ्या देतात. वस्तुतः लक्ष्मण उठला तो शिखराने नव्हे. सुषेणाने त्या शिखरावरून नेमकी वनस्पती निवडली, ती कुटली आणि लक्ष्मणाच्या नाकाशी धरली, तेव्हा तो शुद्धीवर आला. औषध आणणे हा एक पराक्रम आणि औषध ओळखून ते योग्य रीतीने देणे हा दुसरा. पहिल्याची मंदिरे गावोगाव आहेत. दुसऱ्याची आठवण क्वचितच होते.

विसाव्या शतकातील वैद्यकाची हकीकत याहून फारशी निराळी नाही. या शतकाने पर्वतच्या पर्वत उचलून आणले: पेनिसिलीन, स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन. त्या औषधांचा जयजयकार झाला व तो यथार्थही होता. तथापि त्यांची निवड, त्यांची मात्रा आणि त्यांची मुदत यांविषयी जी दक्षता हवी होती ती सर्वत्र पाळली गेली नाही. त्याचा परिणाम काय झाला, हे द्रोणागिरीच्या समोरच्या तीरावर, मुंबई शहरात, सन २०११ च्या अखेरीस स्पष्टपणे उघडकीस आले. ती हकीकत समजण्यासाठी क्षयरोगाच्या इतिहासात काही पावले मागे जाणे अवश्य आहे.

महाराष्ट्रातील शिकलेल्या घरांना क्षयाची ओळख एका थोर नावावरून करून देता येईल. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. यातील करुण गोष्ट अशी की, त्या रोगाचे मूळ तोवर वैद्यकाला अज्ञात राहिले नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू आपल्या विद्वान श्रोत्यांपुढे उभा केला होता. शत्रूचे नाव कळले होते, रूप कळले होते. परंतु त्याच्यावर चालणारे शस्त्र कोणाहीपाशी नव्हते. ते हाती येण्यास आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर आणखी सत्तावन वर्षे जावी लागली.

मधल्या काळात उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मुंबईत शिवडी येथे क्षयाचे स्वतंत्र रुग्णालय १९४१ साली उभे राहिले. ज्यांना पाचगणी परवडे ते पाचगणीस जात; ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी घरातील एखादी खोली, वेगळे ताट आणि वेगळा पेला एवढीच सोय असे. मुलीच्या लग्नाच्या वेळी घरातील क्षय लपविला जाई. या रोगाचे नावही लोक हलक्या आवाजात उच्चारीत, आणि काही घरांतून ते आजही तसेच उच्चारले जाते.

१९४४ च्या आरंभी अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातून बातमी आली. सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन नावाचे द्रव्य मिळविले होते आणि क्षयाचा जंतू त्यापुढे टिकत नव्हता. औषध थोडे व रोगी अगणित, अशी तेव्हा स्थिती. इंग्लंडातील वैद्यकीय संशोधन मंडळाने या टंचाईचाच सदुपयोग केला. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या योजनेनुसार १०७ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करण्यात आली: ५५ जणांना विश्रांती व स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रोगी दगावले होते. १९४८ साली हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा संजीवनी सापडली असे जगाला वाटले, यात नवल नाही.

परंतु त्याच निबंधात एक अपशकुनही नमूद होता. औषध मिळालेल्या रोग्यांपैकी पुष्कळांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला जुमानीनासे झाले होते. रोगी आधी सुधारत, वजन वाढे, ताप उतरे, आणि मग पुन्हा घसरण सुरू होई. पाच वर्षांनंतर त्याच रोग्यांचा हिशेब घेतला तेव्हा औषध मिळालेल्या ५५ पैकी ३२ आणि न मिळालेल्या ५२ पैकी ३५ जण मरण पावल्याचे आढळले. सहा महिन्यांत डोळ्यांत भरणारे अंतर पाच वर्षांत बहुतेक मिटून गेले होते. एकट्या औषधाने लढाई जिंकली होती आणि युद्ध हरले होते.

असे का व्हावे, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाच्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू राहतात. त्यांच्या संख्येत वाढ होत असता प्रत्येक पिढीत काही जंतूंच्या घडणीत आपोआप किंचित बदल होतो. दर दहा लाखांत सुमारे एक जंतू आयसोनियाझिडला दाद न देणारा निपजतो. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण दहा कोटींत सुमारे एक असे धरतात. औषधाने हा बदल घडत नाही. तो आधीच झालेला असतो. एकच औषध दिले की त्याला वश होणारे सारे जंतू मरतात आणि उरतात ते नेमके त्या औषधाला न जुमानणारे. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. शेतकऱ्याने चांगले रोप उपटून तण तेवढे राखावे, तसा हा प्रकार होय.

मग दोन औषधे एकदम दिली तर? दोहोंना एकाच वेळी न जुमानणारा जंतू निपजण्याचा संभव या दोन प्रमाणांच्या गुणाकाराइतका, म्हणजे कोटी कोटींत एक इतका अल्प होतो. आणि एवढे जंतू एका शरीरात सामावतच नाहीत. म्हणून क्षयावर अनेक औषधे एकाच वेळी, पुरेशा मात्रेत व ठरलेल्या मुदतीपर्यंत द्यावीत, हा नियम सिद्ध झाला. स्ट्रेप्टोमायसिनला प्रथम पॅसची जोड मिळाली, १९५२ पासून आयसोनियाझिडची, आणि १९६० नंतरच्या दशकात निघालेल्या रिफॅम्पिसिनने हा ठराव पुरा केला. पुढे चार औषधांच्या योगाने दीड दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. या नियमाचा गाभा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे: औषधांची संख्या महत्त्वाची नाही, ती सारी जंतूवर खरोखर चालणारी असली पाहिजेत. चार औषधांपैकी तीन निकामी झालेली असतील तर रोग्याला प्रत्यक्षात एकच औषध मिळत असते.

भारतात या विद्येचा फार मोठा प्रयोग मद्रासेस झाला. १९५६ साली तेथे स्थापन झालेल्या क्षयोपचार केंद्राने, वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली, गरीब वस्तीतील रोग्यांची तुलना आरोग्यधामातील रोग्यांशी केली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने सर्वांना चकित केले. दाटीवाटीच्या घरात राहून, अपुरे अन्न खाऊन, पण औषधे नीट घेतलेले रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना अधिक संसर्गही झाला नव्हता. थंड हवेच्या डोंगरांची सत्ता तेथे संपली. त्याच केंद्राने आणखी एक गोष्ट शिकविली: बरे वाटू लागताच रोगी गोळ्या टाकून देतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, मनुष्यस्वभावच होय; म्हणून औषध डोळ्यांदेखत घेतले जाईल अशी व्यवस्था हवी.

इकडे महाराष्ट्रातही औषधनिर्मितीचा पाया घातला जात होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले; पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तेथे निघू लागले. परदेशी बोटींची वाट पाहणारा देश स्वतःची औषधे स्वतः करू लागला, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु औषध सुलभ झाले की त्याचा गैरवापरही सुलभ होतो. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शहाणे होतात. आणि शहाणे झालेले जंतू औषध घेणाऱ्यालाच नव्हे तर त्याच्या घरच्या निरपराध माणसालाही मारू शकतात, असा त्याचा मथितार्थ होता.

हा इशारा मुंबईत कितपत पाळला गेला, याचा शोध प्रथम डॉ. मुकुंद उपलेकर यांनी घेतला. धारावी व तिच्या परिसरात क्षयाचे पुष्कळसे रोगी सरकारी दवाखान्यात न जाता जवळच्या खाजगी डॉक्टरकडेच जातात, हे जाणून त्यांनी व डोनाल्ड शेपर्ड यांनी तेथील १०० डॉक्टरांना क्षयाच्या एका सामान्य रोग्याकरिता औषधपत्र लिहावयास सांगितले. १९९१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, १०० डॉक्टरांनी ८० निरनिराळे उपचार लिहिले, आणि त्यांतील बहुतेक अयोग्य किंवा विनाकारण महाग होते. एकाच रोगाला, एकाच वस्तीत, ऐंशी वाटा! हनुमंताने संकटात एकदा संपूर्ण पर्वत आणला. येथे प्रत्येक जण त्या पर्वतावरून हाताला येईल ते उपटीत होता.

वीस वर्षे लोटली. १९९७ पासून देशात सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि २००६ पर्यंत तो सर्व देशभर पोहोचला होता. आता तरी स्थिती पालटली असेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. मुंबईच्या माहीम भागातील हिंदुजा रुग्णालयातील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांनी डॉ. लॅन्सलॉट पिंटो व डॉ. उपलेकर यांच्यासह तीच पाहणी पुन्हा केली. २०१० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळे उपचार लिहिले. अचूक उपचार लिहिणारे अवघे ६ निघाले. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाकरिता योग्य औषधपत्र लिहू शकणारे तर केवळ ३ होते. या आकड्यांमागे कोणाही एका डॉक्टराची निंदा नाही. ज्याला प्रयोगशाळेचा आधार नाही, ज्याचे शिक्षण पदवीबरोबर थांबले आहे आणि ज्याच्या दारात रोग्यांची रांग आहे, असा माणूस अंधारात बाण मारीत राहतो, एवढेच त्यांवरून दिसते.

अंधारात मारलेला प्रत्येक बाण जंतूला मात्र काही शिकवीत होता. २१ डिसेंबर २०११ रोजी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. उदवाडिया व त्यांचे सहकारी यांचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. त्यात हिंदुजा रुग्णालयातील चार रोग्यांची हकीकत होती. त्यांच्या थुंकीतून वाढविलेले जंतू प्रयोगशाळेत तपासलेल्या पहिल्या व दुसऱ्या फळीच्या सर्व औषधांना दाद देत नव्हते. सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीवर हे पत्र आधारलेले होते. इटलीतून २००७ साली आणि इराणमधून २००९ साली असे काही रोगी नोंदले गेले होते. भारतातून प्रसिद्ध झालेली ही पहिली नोंद.

पत्रातील सर्वांत बोलका भाग जंतूंविषयी नव्हता, तर त्या रोग्यांच्या मागील उपचारांविषयी होता. चौघांपैकी तिघांनी अठरा महिन्यांच्या अवधीत सरासरी चार खाजगी डॉक्टरांचे दरवाजे ठोठावले होते. दुसऱ्या फळीची मौल्यवान औषधे त्यांना मिळाली होती, पण अनेकदा चुकीच्या मात्रेत, देखरेखीवाचून, आणि एका वेळी एकेक वाढवीत. रोगी सुधारत नाही असे दिसताच जुन्या उपचारात एका नव्या औषधाची भर घालावयाची, हा वरवर सुज्ञपणाचा वाटणारा मार्ग प्रत्यक्षात सर्वांत घातक असतो. जुनी औषधे आधीच निकामी झालेली असल्यामुळे नवे औषध एकाकी पडते, आणि जंतू त्यालाही ओलांडून जातो. एकेक तट असा पडत गेला म्हणजे शेवटी गड हातचा जातो. ही माणसे औषधाअभावी या अवस्थेला आलेली नव्हती. औषधे घेत घेत आली होती.

पत्राने मोठी खळबळ उडाली. जानेवारी २०१२ पर्यंत त्या रुग्णालयातील अशा रोग्यांची संख्या बारा झाल्याच्या बातम्या आल्या. वृत्तपत्रांनी मथळे दिले. केंद्र सरकारचे तज्ज्ञ मुंबईस आले. ‘सर्व औषधांना न जुमानणारा क्षय’ हे नाव सरकारने मान्य केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०१२ मध्ये तज्ज्ञांची बैठक भरवून हे नाव स्वीकारण्यास नकार दिला. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या फळीतील काही औषधांच्या बाबतीत प्रयोगशाळेतील चाचणी पुरेशी भरवशाची नसते. शिवाय नवी औषधे तयार होत होती, तेव्हा ‘सर्व’ हा शब्द उद्या खोटा ठरण्यासारखा होता. परंतु नावाचा वाद मिटला म्हणून रोग मिटत नाही. खाटेवर पडलेल्या रोग्याला आपल्या जंतूचे नाव काय, यापेक्षा आपल्यावर कोणते औषध चालेल, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो.

नावावरून वाद माजण्याचा असा प्रसंग नुकताच येऊन गेला होता. त्याच रुग्णालयात २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत कार्बापेनेम या अत्यंत प्रभावी औषधांना न जुमानणारे २४ आतड्यांतील जंतू सापडले, आणि त्यांपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ नावाचे जनुक आढळले. ही माहिती २०१० च्या मार्चमध्ये भारतीय वैद्यांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्या नावातील नवी दिल्लीच्या उल्लेखावरून देशाच्या अब्रूचा प्रश्न उपस्थित झाला आणि चर्चा जनुकाकडून नावाकडे वळली. वास्तविक ज्याने आपल्या घरातील गळती दाखविली त्याने घराची बदनामी केली असे कोणी म्हणत नाही. छप्पर शाकारण्याची वेळ आली, एवढेच शहाणा माणूस त्यातून समजतो.

सुदैवाने छप्पर शाकारण्याचे कामही सुरू झाले. ७ मे २०१२ रोजी केंद्र सरकारने क्षयाच्या प्रत्येक रोग्याची माहिती सरकारला कळविणे खाजगी डॉक्टर व रुग्णालये यांच्यावर बंधनकारक केले. त्याच वर्षी, रक्तावरून क्षय ओळखण्याच्या ज्या फसव्या चाचण्या बाजारात चालत होत्या त्यांवर बंदी आली. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांची एक वेगळी अनुसूची अमलात आली. तीत क्षयाची औषधे व काही प्रबळ प्रतिजैविके असून ती विकताना डॉक्टर व रोगी यांची नोंद ठेवणे दुकानदारास भाग पडले. या सर्व गोष्टी केवळ एका पत्राने घडल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि त्या पत्राने निर्माण झालेली अस्वस्थता त्यांच्या मागे नव्हती, असेही म्हणता येणार नाही.

तथापि मूळ अडचण कायद्याची नव्हती, ओळखीची होती. क्षयाचा जंतू मोठा संथ; त्याची एक पिढी होण्यास सुमारे एक दिवस लागतो. त्यामुळे थुंकीतून तो वाढविणे व त्यावर एकेक औषध चालते की नाही हे पाहणे यात पूर्वी दोन तीन महिने सहज जात. तोवर डॉक्टराला अंदाजानेच चालावे लागे, आणि चुकीच्या औषधावर घालविलेले ते महिने जंतूच्या पथ्यावर पडत. ही कोंडी जंतूच्या जनुकांचीच परीक्षा करणाऱ्या यंत्रांनी फोडली. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले एक यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आहे काय आणि तो रिफॅम्पिसिनला जुमानतो काय, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देते. पुढे गोव्यातील मोलबायो कंपनीने ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र तयार केले. जेथे वातानुकूलित प्रयोगशाळा नाही आणि विजेचाही भरवसा नाही, अशा तालुक्याच्या दवाखान्यातही ते चालू शकते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली. हनुमंताच्या हाती आता सुषेणाची दृष्टी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

औषधांच्या बाबतीतही प्रगती झाली. पूर्वी अशा हट्टी क्षयावरील उपचार दोन वर्षे चालत; त्यात महिनोन्‌महिने सुया टोचाव्या लागत व कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांनी अशाच उपचारात आपले ऐकू येणे गमावले. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलीन हे नवे औषध भारतात २०१६ पासून सरकारी कार्यक्रमातून मोजक्या ठिकाणी मिळू लागले. त्याच्या एका क्षाररूपावर एकाधिकार वाढवून मिळावा म्हणून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने केलेल्या अर्जास नंदिता व्यंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोन रोगमुक्त स्त्रियांनी हरकत घेतली, आणि २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ज्यांना स्वतःला औषधाची जबर किंमत द्यावी लागली, त्यांनी इतरांसाठी ते स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा केला. बेडाक्विलीनसह चार औषधांचा, सर्व तोंडाने घ्यावयाचा, सहा महिन्यांचा उपचार भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारला.

म्हणजे २०११ साली ज्या रोग्यांपुढे सर्व दारे बंद दिसत होती, तसल्या रोग्यांसाठी आज दार उघडले आहे. परंतु हे दार कायमचे उघडे राहीलच असे मानणे मोठ्या चुकीचे ठरेल. बेडाक्विलीनला न जुमानणारे जंतू आताच निरनिराळ्या देशांतून नोंदले गेले आहेत. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत जे घडले तेच नियम आजही लागू आहेत, कारण जंतूचे अंकगणित बदललेले नाही. नवे औषध निघण्यास दशके लागतात, आणि ते बोथट करण्यास काही वर्षांचा निष्काळजीपणा पुरतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा हे औषध टिकते की वाया जाते, याचा निकाल पुष्कळ अंशी येथेच लागावयाचा आहे.

या निकालात सुशिक्षित घरांचा वाटा लहान नाही. पडसे आले, घसा धरला, की दुकानातून दोन दिवसांची प्रतिजैविके आणावयाची आणि बरे वाटताच उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी डब्यात ठेवावयाच्या, ही सवय झोपडीपेक्षा माडीवर कमी आहे असे नाही. साध्या पडशावर त्या गोळ्यांचा उपयोग नसतो, कारण ते बहुधा जंतूंमुळे होत नाही, विषाणूंमुळे होते. आणि जेथे उपयोग असतो तेथे अर्धवट मात्रा जंतूंना धडे देते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी, क्षय ठरला तर जंतू कोणत्या औषधाला वश आहे याची चौकशी, आणि मग डॉक्टर सांगतील तितके महिने, बरे वाटत असतानाही, एकही दिवस न चुकविता औषध: एवढ्या तीन गोष्टी घराघरांतून कटाक्षाने पाळल्या गेल्या तर धारावीतील त्या दोन पाहण्यांसारखी तिसरी पाहणी जेव्हा होईल, तेव्हा तिचा निष्कर्ष निराळा निघेल. आनंदीबाईंच्या काळी औषध नव्हते म्हणून माणसे गेली. यापुढे औषध असूनही माणसे गेली, तर तो दोष जंतूचा म्हणता येणार नाही.